गंगाधरने सरळ केलेली रेघ

गंगाधरला वाकडं काही सहन होत नाही. एसटीत वाहतूक नियंत्रक होता तेव्हा महाडच्या फलाटाला गाडी जरा तिरकी लागली की हा केबिनमधून बाहेर यायचा आणि ड्रायव्हरला ती मागे घेऊन पुन्हा सरळ लावायला लावायचा. प्रवासी बोंबलायचे, ड्रायव्हर मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, पण गाडी सरळ लागायची. माझं विजेच्या सामानाचं दुकान डेपोच्या समोर आहे. निवृत्त झाल्यापासून हा रोज सकाळी येतो, खुर्ची ओढतो आणि मला बोलायला लागतो. दुकानाबाहेर स्कूटर कशी लावली आहेस, गटारात कचरा कोणी टाकला, मुलीच्या लग्नात प्लास्टिकचे ग्लास कशाला आणले होतेस. लग्न होऊन तिला दोन मुलं झाली, ग्लास अजून निघतात.

मला राग येतो, पण मी ऐकून घेतो. मोठ्या पुरात माझ्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी चढलं होतं. ते उतरल्यावर आतला गाळ बघून मी आणि बायको उंबऱ्यावर नुसते बसून राहिलो होतो. तेव्हा फावडं घेऊन पहिला आला तो गंगाधर. त्याच्या स्वतःच्या घरात चिखल तसाच पडलेला होता. "बसून गाळ निघत नाही, ऊठ," म्हणाला, आणि आम्हाला शिव्या घालत घालत त्याने सगळं दुकान धुऊन काढलं. त्या दिवसापासून तो चल म्हणाला की मी चप्पल घालतो.

त्याचं गाव पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याला. गावात त्याला फार मान आहे, आणि तो फुकटचा नाही. गावातलं कोणी आजारी पडलं की महाडला खाट मिळवून देणारा गंगाधरदादा, कोर्टाची तारीख लागली की वकील गाठून देणारा गंगाधरदादा, पोराला वसतिगृहात घालायचं तर साहेबांपुढे जाऊन उभा राहणारा गंगाधरदादाच. तो या उपकारांची आठवण कधी करून देत नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. बाकी सगळ्या गोष्टी बोलून दाखवतो.

गावाच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे. जुन्या लोकांनी त्यावर दगडांचा बांध घालून डोंगराच्या कडेकडेने एक पाट काढला होता. वरच्या आळीच्या मागून, देवळाच्या खालून तो थेट बौद्धवाडीच्या खाचरांपर्यंत जायचा. गंगाधर शाळेसाठी मामाकडे महाडला गेला त्या सुमाराला एका पावसाळ्यात बांध वाहून गेला आणि पाट बंद पडला. वरच्या आळीचं त्यावाचून अडलं नाही. त्यांच्याकडे बोअर आली, नळ आले. अडलं ते खालच्या वाडीचं. भात कापून झालं की त्यांची जमीन कोरडी. ओल असेल तेवढ्यात वाल टाकायचे आणि उगवेल ते आपलं म्हणायचं.

त्या वाडीतला धम्मपाल पोलादपूरला गॅरेज चालवतो. पाट मोकळा करू या, अंगमेहनत आम्ही करू, असं तो ग्रामसभेत दोनदा उभा राहून म्हणाला होता. दोन्ही वेळा तो विषय पुढच्या सभेवर गेला. शेवटी तो महाडला येऊन गंगाधरला भेटला. माझ्याच दुकानात भेटला. त्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आधी गंगाधर पेटला होता.

पुढच्या सभेला त्याने मलाही ओढून नेलं. तिथे तो जे बोलला ते मला चांगलं आठवतंय. "मी चवदार तळ्याच्या गावात राहतो. दरवर्षी त्या पायऱ्यांवर जाऊन हात जोडतो. आणि माझ्याच गावात खालच्या वाडीपर्यंत पाणी जात नाही, याची मला लाज वाटते. पाट होणार. जुन्या वाटेनेच होणार. त्या वाटेवर कोणाची भिंत असेल, गोठा असेल, काय असेल ते निघेल. मग तो कोणी का असेना!"

टाळ्या वाजल्या. खालच्या वाडीने जरा जपून वाजवल्या आणि वरची आळी एकमेकांकडे बघत होती. मला वाटलं, कोणाचा तरी गोठा असेल तिथे.

दत्तजयंतीच्या आधीचा शनिवार-रविवार ठरला. आम्ही महाडची मंडळी टेम्पोने गेलो. बँकेतले दोघे-तिघे, हायस्कूलच्या अनुपमा टीचर, आणि कंबर धरून मी. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने सगळ्यांसाठी हिरवे टी-शर्ट आणले होते, सगळे एकाच मापाचे, त्यामुळे अर्धी माणसं झग्यात आणि अर्धी आवळलेली. घरटी एक माणूस आलं होतं. भागोजी हे गावातले सगळ्यात म्हातारे मानकरी. त्यांनी ओढ्याच्या काठी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा, आज तुझी वरची खालची लेकरं एक होऊन कामाला लागली हायत. कुणाची चूक असंल, भूल असंल, ती पोटात घाल. कुणाचं मन दुखवू नको, कुणाची मान खाली घालू नको, आणि पाणी खालपर्यंत ने."

खालच्या वाडीची माणसं जरा बाजूला उभी होती. नारळ फुटला आणि सगळ्यात आधी कुदळी त्यांनीच उचलल्या.

काम मस्त चाललं होतं. बांधाचे दगड हातोहात जात होते. ओढ्यापासून पुढे पाटाचा जुना दगडी काठ गाळाखाली जसाच्या तसा होता. माती काढली की तो उघडा पडायचा आणि सगळे ओरडायचे. गंगाधर त्या काठावरून पुढे-मागे करत होता. "साहेब, फावडं असं धरत नाहीत," "अहो टीचर, माती वरच्या बाजूला टाकू नका, पुन्हा आत येईल," असं त्याचं सारखं चालू होतं. टीचर म्हणाल्या, "सर, तुम्ही निवृत्त झालात हे डेपोला कळलंय ना?" तोही हसला. इतका खूश मी त्याला फार दिवसांनी बघत होतो.

जेवणाच्या जरा आधी आम्ही वरच्या आळीच्या मागच्या रानाशी पोचलो. तिथून पुढे काठ दिसत नव्हता, म्हणून आदल्या दिवशी प्रवीणने चुन्याची रेघ मारून ठेवली होती. प्रवीण हा गावातलाच, मुंबईला एका मॉलमध्ये देखभालीचं काम करतो, हुशार आहे. त्याची रेघ सरळ आली आणि बांबूच्या बेटाजवळ एकदम खाली वळली. चांगला मोठा वळसा घेऊन पुढे देवळाकडे गेली.

गंगाधर थांबला. "हे काय?"

"वळण घेतलंय दादा," प्रवीण म्हणाला. "नळीने लेव्हल बघितली मी. पाणी जातं बरोबर."

"जुना पाट असा होता?"

प्रवीण वाकून कुदळ उचलायला लागला.

"मी विचारतोय, जुना पाट असा वाकडा होता?"

"नाय. पण ऱ्हाऊ द्या ना दादा. हाय ते बरं हाय."

झालं. असं म्हटलं की गंगाधरचं डोकं फिरतं. "कोणाला वाचवताय? सांगा ना! कोणाचा गोठा आहे, की कोणाचा ओटा आहे? खालची माणसं इतकी वर्षं पाण्याविना बसलीत आणि तुम्हाला इथे कोणाची तरी भीड पडते? पुसा ती रेघ!" त्याने स्वतःच चपलेने चुना फिसकटला. "इकडे काठ संपतो, तिकडे देवळामागे पुन्हा दिसतो. दोन टोकांना दोरी धरा. मधे जे येईल ते तोडायचं."

भागोजी म्हणाले, "गंगाधर, जेवून घेऊ आधी." त्यांनी त्याला इतक्या मऊ आवाजात हाक मारलेली मी ऐकली, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मला शंका आली. त्याला नाही आली.

दोरीचं एक टोक प्रवीण घेऊन गेला, जाताना पाय ओढत गेला. दुसरं टोक गंगाधरने स्वतः धरलं. कोयत्याने झुडपं तोडत तो दोरीबरोबर पुढे निघाला, आम्ही त्याच्या मागे. हा गावाला यायचा तो नेहमी रस्त्याने, पुढच्या दाराने. घरामागच्या या रानात तो लहानपणानंतर शिरलाच नसावा. बांबूचं बेट ओलांडलं, करवंदीच्या जाळीतून अंग काढलं, आणि समोर गुलाबी फरशी लावलेली एक भिंत आली. दोरी त्या भिंतीच्या मधोमध टेकली होती.

अनुपमा टीचर बिचाऱ्या गावात पहिल्यांदाच आलेल्या. त्यांनी उत्साहाने विचारलं, "हेच ना सर? हे तोडायचं ना?"

ते गंगाधरच्या गावच्या घराचं संडास-बाथरूम होतं. निवृत्त झाल्यावर त्याने घराच्या मागे हौसेने बांधलेलं, आणि भिंतीच्या बाहेर जमिनीत त्याची टाकी.

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी इतरांकडे बघितलं. एकाही गावकऱ्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सभेत तो "कोणी का असेना" म्हणून ओरडत होता तेव्हाही माहीत होतं. त्याला तोंडावर सांगायची कोणाला हिंमत झाली नाही, म्हणून बिचाऱ्यांनी गुपचूप रेघ वळवली होती. ती त्याने सगळ्या जगासमोर सरळ करून घेतली.

"जेवायला चला," भागोजी म्हणाले, आणि माणसं पांगली. धम्मपाल तेवढा मागे राहिला. मान खाली घालून तो म्हणाला, "काका, आम्हाला पाणी पायजे. वाकडं आलं तरी चालंल." त्याने ते गंगाधरला धीर द्यायला म्हटलं होतं. पण टीचरांसमोर नाक कापलं गेलं त्यापेक्षाही ते गंगाधरला जास्त लागलं. मला दिसलं ते.

दुपारनंतर देवळापलीकडच्या भागात काम झालं. गंगाधर घमेली उचलत होता. तिरकी टाकलेली माती त्याने तशीच राहू दिली.

संध्याकाळी त्याच्या पडवीत आम्ही दोघं चहाचे कप घेऊन बसलो. मी मुक्कामाला त्याच्याकडेच होतो आणि सकाळी त्या बाथरूमची तोंड भरून स्तुतीही करून बसलो होतो. मी शेवटी विचारलं, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

त्याने कप खाली ठेवला. "टाकीचा खड्डा खणला ना, तेव्हा गवंडी म्हणाला, साहेब, नशीबवान आहात, बाकी सगळीकडे कातळ लागतो आणि इथे जमीन लोण्यासारखी. खाली वाळू लागली. गोल गोल गोटे लागले. ओढ्यात असतात तसे. मी म्हटलं, बरं झालं, पाणी मुरेल."

"मग?"

"मग काही नाही. डोंगराच्या उतारावर गोटे कुठून आले, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या परसात ते निघाले असते तर मी त्याला उभा आडवा झोडला असता." त्याने कप दूर सारला. "मला लाज वाटते रे. सभेत म्हणालो होतो ना, लाज वाटते म्हणून, तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा नुसतं बोलायला बरं वाटत होतं."

आत गोदावरीवहिनी भाकऱ्या थापत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. जमिनीवर बसता येत नाही, बाहेर उतारावर जाणं तर लांबच. मला वाटलं त्या आता आडव्या येतील आणि गंगाधरला एक बरं कारण मिळेल. तो दारात जाऊन उभा राहिला.

"मागचं तोडावं लागेल," तो म्हणाला.

"तोडा."

"उन्हाळ्यापर्यंत पुढच्या बाजूला नवीन बांधू. तोवर तुला महाडला राहावं लागेल. इकडे येता येणार नाही."

"राहीन. मी कुठे नाही म्हणते?" त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "ती खालची साळूबाई या वयात डोक्यावरून पाणी नेऊन चार मिरच्या जगवते, इथे असते तेव्हा मी बघते ना रोज. तोडा तुम्ही. फक्त सकाळी उठून तोडा. बोलत बसू नका."

त्या रात्री तो नीट जेवला. वाटेतला दगड निघाला होता. वहिनींनी हो म्हटलं होतं, घर त्याचं होतं, आणि आता फक्त उठून पहार घालायची होती. सकाळी चहा पिताना तो मला म्हणाला, "आज बघ तू. पहिला घाव माझा." त्याने खांद्यावर पहार घेतली. मला त्याचं कौतुक वाटत होतं हे मी लपवत नाही. आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो.

बाहेर काम आधीच सुरू झालं होतं.

गंगाधरच्या घराच्या खालच्या अंगाला ठकूबाईंचं घर. त्या त्याच्या चुलतभावाच्या विधवा, एकट्याच राहतात. परसात माठ, मुळा, मिरची लावतात आणि सकाळच्या गाडीने पोलादपूरच्या नाक्यावर विकायला नेतात. त्यांचं सगळं त्यावरच चालतं. पुसलेली रेघ जिथून जात होती ते हेच परसू. आता त्यातून नवी रेघ मारलेली होती आणि प्रवीण, भागोजींचा मुलगा आणि आणखी चौघं-पाचजण खणत होते. ठकूबाई स्वतः पुढे बसून मुळे उपटत होत्या, कुदळ पोचायच्या आत.

गंगाधर पहार घेऊन उभा राहिला. "हे काय चालवलंय?"

भागोजी पुढे आले. म्हाताऱ्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. "गंगाधर, पहाटे देवाला कौल लावला. उजवं फूल पडलं. देव बोलला, पाट वळवा. आता आपल्या हातात काय ऱ्हायलं?"

इथे एक सांगायला हवं. गंगाधर आयुष्यभर कौलाला हसत आला. गावात कोणी बैल हरवला म्हणून देवाला फूल लावलं तर हा म्हणायचा, फुलाला डिंक कमी पडला असेल. भागोजींना ते माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्याला त्यांनी सुटायला वाट करून दिली होती. बरं, ती वाट नाकारायला त्याला काहीच करावं लागणार नव्हतं. "वहिनी, उठा, मुळे उपटू नका," एवढंच म्हणायचं आणि दहा पावलं चालून आपल्या भिंतीवर पहार घालायची.

सगळे थांबून त्याच्याकडे बघत होते. कुदळी टेकवलेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत गोदावरीवहिनी उभ्या होत्या. मीही त्याच्याकडे बघत होतो, आणि माझंही तोंड उघडलं नाही. परक्या गावात आपण कशाला बोला, असं मी मनाला सांगितलं. ते खरं नव्हतं. त्याची भीड मलाही होतीच.

गंगाधरने एकदा गुलाबी भिंतीकडे बघितलं. मग म्हणाला, "देवानेच कौल दिला असेल तर... माझं काय. सगळ्यांचं ठरलंच असेल तर."

मला ते ऐकून इतकं वाईट वाटलं की वाटलं तिथून निघून जावं. सगळे मात्र एकदम सैल झाले. कोणीतरी हसलं, प्रवीणने त्याला जागा करून दिली. "या दादा, इथे दगड लागलाय, पहार पायजेच होती." आणि गंगाधर उतरला. स्वतःच्या भिंतीसाठी खांद्यावरून आणलेली पहार त्याने ठकूबाईंच्या परसात घातली. जीव खाऊन खणत होता. टी-शर्ट घामाने अंगाला चिकटला, कोणी बस म्हटलं तरी बसेना. काल ज्याने एकही घाव घातला नव्हता, तो आज सगळ्यांच्या वाटचं काम एकटा ओढत होता. पण ते चुकीच्या जागी होतं, आणि ते त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. वर बघितलं तेव्हा खिडकीत वहिनी नव्हत्या.

खणत खणत तो परसाच्या कोपऱ्याशी आला. तिथे एक मिरचीचं झाड होतं, चांगलं कमरेएवढं, लाल-हिरव्या मिरच्यांनी लगडलेलं. ठकूबाई लगबगीने आल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "जरा अलीकडून घ्याल? ती तेवढी वाचंल. पयल्या वर्साची हाय, अजून दोन वर्सं देईल."

"हो, हो, वहिनी," गंगाधर म्हणाला. त्याने पहार बाजूला ठेवली आणि हाताने माती काढायला लागला. झाडाच्या मुळांना धक्का लागू नये म्हणून त्या बाजूला त्याने दगड रचले, एकावर एक, अगदी बारकाईने, आणि पाट तिथे हातभर आत घेतला. प्रवीणने लेव्हल बघितली, बरोबर आली. ठकूबाई उपटलेल्या मुळ्यांच्या जुड्या बांधत ते सगळं बघत होत्या. जे वाचत होतं त्याच्याकडेच त्या बघत होत्या.

दुपारी बांधाजवळ पाटाच्या तोंडाशी लावलेली फळी काढली. पाणी आलं. आधी मातकट, मग पालापाचोळा वाहून आणत, मग स्वच्छ. सगळे त्याच्याबरोबर चालत निघाले. ठकूबाईंच्या परसात ते वळणाला अडखळलं, जरा फुगलं, आणि वळलं. देवळाखालून पुढे गेलं. खालच्या वाडीतून ओरडा आला तेव्हा वर सगळ्यांना कळलं की पोचलं. साळूबाईंनी म्हणे पाण्यात पाय सोडून बसकण मारली आणि कोणी उठवलं तरी उठेनात. धम्मपाल धावत वर आला आणि त्याने गंगाधरचे दोन्ही हात धरले. खरं होतं ते, पाणी गंगाधरमुळेच आलं होतं. तो सभेत बोलला नसता तर विषय अजूनही पुढच्या सभेवर जात राहिला असता. गंगाधरने हात सोडवून घेतले. शेवटचं गाऱ्हाणं भागोजींनी घातलं, त्यात पहिलं नाव त्याचं घेतलं. हार आणला होता, तोही त्याच्याच गळ्यात घातला. टीचरांनी फोटो काढला. त्या फोटोत सगळे हसत आहेत आणि हार घातलेला माणूस जमिनीकडे बघतो आहे. गावात अजून लोक म्हणतात, दादा किती साधे बघा.

आम्ही निघालो तेव्हा ऊन कलत होतं. गोदावरीवहिनी टेम्पोत पुढे बसल्या, बॅग मांडीवर घेऊन, गंगाधरकडे न बघता. मी मागे चढलो. तेवढ्यात ठकूबाई रस्त्यापर्यंत आल्या आणि गंगाधरशी काहीतरी बोलल्या. इंजिन चालू होतं, मला नीट ऐकू आलं नाही. तो काहीतरी म्हणाला आणि चढून माझ्या शेजारी बसला.

हायवेला लागलो. पोलादपूर गेलं. बँकेची मंडळी गाणी म्हणत होती. गंगाधर हाताच्या फोडांकडे बघत होता.

"काय म्हणाल्या ठकूवहिनी?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"आभार मानायला आली होती," तो म्हणाला. "म्हणाली, भावजी, तुमी होताव म्हणून माझी मिरची वाचली."

मी मागे पडत चाललेल्या रस्त्याकडे बघितलं.

"आणि मी काय म्हणालो, सांगू तुला?" त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "मी म्हणालो, त्यात काय एवढं, वहिनी."